दाराआडची

प्रिय ताई,

सहा वर्षांनी माझं अक्षर पाहून तू आधी पाकीट उलटसुलट करशील, मग चष्मा शोधशील आणि मग म्हणशील, "याचं आता काय नवीन?" घाबरू नकोस, काही झालेलं नाही. गुडघा सोडला तर सगळं जागेवर आहे. फोन का नाही केला विचारशील, तर तीनदा हातात घेतला होता. पण तुला माझा धंदा माहीत आहे. फोन कानाला लागला की माझ्या तोंडून भलताच कुणीतरी बोलायला लागतो. परवा वीज गेल्याची तक्रार करायला फोन लावला, तर असा घनगंभीर आवाज निघाला की पलीकडची मुलगी नुसतं 'सर, सर' करत राहिली. तुझ्यापुढे ते सोंग टिकलं नसतं. कागदाला आवाज नसतो, म्हणून कागद घेतला.

इथलं सांगण्यासारखं थोडंच आहे. तीच दोन खोल्यांची जागा, तीच करकरणारी खिडकी. सकाळी नऊ ते एक स्टुडिओ. कपाटाएवढी खोली, भिंतींना स्पंज, समोर काच आणि काचेपलीकडे कानाला हेडफोन लावून बसलेला रेकॉर्डिस्ट. तिथे चार तास मी चौदा जणांच्या तोंडून बोलतो. राजा होतो, चोर होतो, चोराची सासू होतो. एकला बाहेर पडलो की दुसऱ्या दिवशी नऊपर्यंत माझ्याशी बोलायला कुणी नसतं. भाजीवाली विचारते, "किती?" मी म्हणतो, "अर्धा किलो." झालं संभाषण. मागे एकदा राँग नंबर आला, कुणा काकूंना सुतार हवा होता. मी सुतारच झालो आणि दहा मिनिटं बिजागऱ्यांवर बोललो. फोन ठेवल्यावर स्वतःची लाज वाटली. पण खोटं कशाला सांगू, तो दिवस बरा गेला. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई जिन्यात विचारतात, "काल पाहुणे आले होते वाटतं?" पाहुणे कुठले? मीच भांडी घासताना भांड्यांना बेडकाच्या आवाजात रागावत असतो.

तू येऊन राहिलीस तेव्हा डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या होत्यास, त्या अजून तशाच आहेत. साखर, मीठ, 'हे उघडं ठेवू नकोस'. त्या तिसऱ्या डब्यात काय असायचं ते मी विसरलो, पण तो उघडा ठेवत नाही. तुझी भावजय घर सोडून गेली आणि तू पंधरा दिवसांसाठी म्हणून आलीस. त्या पंधराव्या दिवशी मी तुला जे बोललो त्याकडे येतोच. पण आधी हे बाकीचं सांगू दे. एकदम तिथे गेलो तर पत्र अर्धवट राहील, आधीची चार राहिली तशी.

सांगायचंय ते 'उलट्या नदीच्या गोष्टीं'बद्दल. तीच मुलांची सात पुस्तकं, ज्यांच्यामुळे मला रस्त्यात पोरं आवाजावरून ओळखतात. तू त्यातलं एकही वाचलेलं नाहीस, मला ठाऊक आहे. "नदी डोंगरावर चढते म्हणे! मग खाली विहिरीला पाणी कुठून?" असं म्हणून तू पहिल्या पानावरच पुस्तक मिटलं होतंस. तर थोडक्यात सांगतो. दोन भावंडं होडीत बसून त्या उलट्या नदीतून वर वर जातात आणि प्रत्येक भागात त्यांना कुणी ना कुणी भेटतं. लेखिकाबाई लिहितात, पुस्तक छापून येतं आणि मग ते मी मोठ्याने वाचतो, बोलतं पुस्तक म्हणून. आमच्या या कामात एक गोची असते. पुढच्या भागात काय आहे ते मला माहीत नसतं, कारण ते बाईंनी अजून लिहिलेलंच नसतं. आज एखाद्याला जो आवाज दिला तो त्याला जन्मभर चिकटला.

दुसऱ्या भागात ती दोघं वाट चुकून एका घराशी येतात. आतल्या खोलीचं दार बंद असतं. पुस्तकात लिहिलंय ते एवढंच: 'दाराआडून कुणीतरी म्हणालं, आत येऊ नका, पण भूक लागली असेल तर सांगा.' कोण, किती वयाचं, काही नाही. मी क्षणभर विचार केला नाही. तोंड उघडलं आणि एका दमलेल्या, समजूतदार बाईचा आवाज आला. थोडा घोगरा, आणि वाक्य संपताना हळूच खाली उतरणारा. रेकॉर्डिस्ट काचेपलीकडून बघतच राहिला. मी एक आवाजांची वही ठेवतो, कुणाचा आवाज कसा काढायचा त्याची. त्या दिवशी मी लिहिलं, 'बेडूक-दिवाण: नाक चिमटीत. सुतारपक्षी: दातांवर जीभ. दाराआडची: आई.'

पोरांनी त्या दाराआडचीला डोक्यावर घेतलं. तापाने फणफणलेली मुलं तिचाच तुकडा परत परत लावायला सांगतात, अशी आयाबापांची पत्रं यायची. तिसऱ्या भागात ती बोलली, चौथ्यात बोलली, दार काही उघडलं नाही. आणि पाचव्या भागात लेखिकाबाईंनी ते दार उघडलं. आतून कोण आलं असेल? दोन वेण्यांची, अकरा वर्षांची मुलगी. मी ते पान दोनदा वाचलं. अकरा वर्षांच्या पोरीला मी तीन भाग पोक्त बाईच्या आवाजात बोलायला लावलं होतं. मग काय, पत्रांचा पाऊस. एका चिमुरडीने लिहिलं, "काका, ती माझ्याएवढी आहे. मग ती माझ्या आईसारखी का बोलते? तुम्ही चुकलात ना? खरं सांगा."

मी माफी मागायला बाईंच्या घरी गेलो. म्हटलं, तिन्ही भागांतले तिचे तुकडे मी पुन्हा वाचून देतो, हवं तर पदरमोड करून. बाईंनी माझ्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाल्या, "वाचू नका. तुमच्या चुकीला कारण सापडेल. तो आवाज आणलात कुठून, ते आधी सांगा." ताई, मला असं कुणी कधी विचारलंच नव्हतं. मी सुटलो. दोन तास बोललो असेन, आणि माझ्या स्वतःच्या आवाजात.

मी त्यांना आपलं घर सांगितलं. आई आजारी पडली तेव्हा मी चार वर्षांचा. आजार लागणारा, म्हणून तिची खोली मला बंद. बाबा वखारीत वजनं लिहायचे, संध्याकाळी अंगावर भुसा घेऊन यायचे आणि गप्प बसायचे. आत जायची मुभा फक्त तुला. तू ताट घेऊन आत जायचीस, दार लावून घ्यायचीस, आणि मी बाहेर उंबऱ्याला पाठ टेकून बसायचो. मग आई बोलायची. "दूध संपवलंस का? खोटं बोलू नकोस, पेला वाजव पाहू." मी पेला वाजवायचो. दाराआडूनच तिने मला शंभरपर्यंत मोजायला शिकवलं, वीस-एक गोष्टी सांगितल्या, माझं बोबडं बोलणं सुधारलं. 'र' म्हण, पुन्हा म्हण, घाई करू नकोस. आज मी ज्या जिभेवर जगतो ती तिने दाराआडून घडवली, असं मी बाईंना अभिमानाने सांगितलं. हेही सांगितलं की सकाळभर तिला बोलवत नसे, दुपारी तू शाळेतून येऊन आत गेलीस की तिला हुशारी यायची, आणि सुट्टीच्या दिवशी तर ती दिवसभर बरी असायची. आणि ताई, तुझा मला किती हेवा वाटायचा तेही सांगितलं. तू आत, मी बाहेर. तुला आई दिसायची, मला नुसती ऐकू यायची. तो हेवा मी मोठा होऊनही सोडला नाही, हे तुला कळत असणार.

एक गोष्ट मात्र मी बाईंनाही सांगितली नाही, ती तुला सांगतो. मी पहिलीत होतो. एक दिवस मी हट्टाला पेटलो की आई, आज दार उघडच, मला तुला बघायचंय. लाथा मारल्या दाराला. आतून आई म्हणत राहिली, "उद्या, बाळा, उद्या." दुसऱ्या दिवशी बाबांनी मला मांडीवर घेतलं आणि सांगितलं, आई गेली. मी कुणाला काही विचारलं नाही, रडलोही नाही म्हणे. मला वाटलं, मी दार बडवलं म्हणून गेली. पन्नाशी उलटली तरी मी कुणाच्या बंद दारावर टकटक करत नाही. तुझी भावजय चिडून आतल्या खोलीत जाऊन बसायची, तेव्हाही मी बाहेर नुसता उभा राहायचो. तिला वाटायचं, याला पर्वा नाही.

तर, बाईंकडच्या त्या दुपारनंतर नऊ वर्षं गेली. सात भाग संपले. बाईंनी लिहिणं थांबवलं, हात थरथरतो म्हणाल्या. आणि गेल्या महिन्यात एक पातळसं पुस्तक आलं, जेमतेम चाळीस पानांचं. नाव 'दाराआडची'. सात भागांच्या जोडीला एक छोटी गोष्ट, ती मुलगी अशी का बोलते याची. माझ्या चुकीला नऊ वर्षांनी कारण सापडलं होतं. मी खुशीत स्टुडिओत गेलो. नेहमीप्रमाणे आधी घरी वाचून जायला हवं होतं, पण म्हटलं, हा आवाज तर माझ्या घरचाच, याचा सराव कसला करायचा?

गोष्ट अशी आहे. त्या घरातली आई उलट्या नदीतून वर निघून जाते, जिथून कुणी परत येत नाही. मागे अकरा वर्षांची मुलगी आणि चिमुकला भाऊ. भाऊ जेवेना, झोपेना. मग मुलगी आईच्या खोलीत जाते, दार लावून घेते आणि आईच्या आवाजात म्हणते, "दूध संपवलंस का?" भाऊ दूध पितो. मग रोजच तसं. आईसाठी म्हणून नेलेलं ताट ती आत बसून स्वतः खाते, नाहीतर भावाला संशय येईल. म्हणून ती भावाबरोबर कधी जेवत नाही. आणि तिला दार उघडून निवांत बाहेरही बसता येत नाही, कारण ती बाहेर दिसली की आत कुणी नाही. मी वाचत होतो, ताई. पान अकरा, पान बारा. ताटाचं वाक्य आलं आणि माझा आवाज गेला. बसला वगैरे नाही, गेलाच. रेकॉर्डिस्ट म्हणाला, "भाऊ, पाणी घेता का?" मी हेडफोन काढून ठेवले आणि घरी आलो.

घरून बाईंना फोन लावला. चांगलाच भडकलो होतो. म्हटलं, "मी तुम्हाला माझ्या आईची आठवण सांगितली, तुम्ही तिचं हे काय केलंत?" बाई म्हणाल्या, "मला वाटलं होतं तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच सांगितलंत ना, शाळेला सुट्टी असली की आईला बरं वाटायचं." एवढंच. मी फोन ठेवला आणि बाबांच्या कागदांचं पाकीट काढलं, जे तू मला देऊन गेली होतीस आणि जे मी कधी उघडलं नव्हतं. आईच्या मृत्यूचा दाखला त्यातच होता. मी पहिलीत गेलो त्याच्या वर्षभर आधीची तारीख आहे त्यावर. दूरच्या हॉस्पिटलचं नाव आहे.

वर्षभर, ताई. सुरुवातीचे काही महिने आत खरंच आई असेल. पण ती कुठे थांबली आणि तू कुठे सुरू झालीस, मला सांगता येत नाही. चार दिवस मी आठवून बघतोय, शिवण सापडत नाही. आतून तू बोलतेस हे बाबांना पहिल्यापासून माहीत होतं का? की तूच त्यांना गप्प राहायला लावलंस? शंभरपर्यंत मोजायला कुणी शिकवलं, 'र' कुणी घोटून घेतला, हे आता मला समजतंय. आणि मी लाथा मारत होतो तेव्हा आतून कडी धरून कोण उभं होतं, तेही.

आता तो पंधरावा दिवस. तू मला म्हणालीस, "स्टुडिओत चौदा जणांच्या आवाजात बोलतोस, घरात तिच्याशी एका तरी आवाजात बोललास का?" खरं होतं म्हणून झोंबलं. मी काय म्हणालो ते तुला शब्दन् शब्द आठवत असणार, मलाही आठवतं. मी म्हणालो, "माझी आई व्हायला जाऊ नकोस. मला आई होती. तिचा आवाज अजून माझ्या कानात आहे आणि तो तुझ्यासारखा नव्हता." तू हातातलं फडकं घडी करून ठेवलंस, बॅग भरलीस, संध्याकाळच्या गाडीने गेलीस. एका वाक्यात मला तोंडघशी पाडता आलं असतं. तू नाही पाडलंस. तुझ्यापाशी तेव्हाही होतं ते वाक्य, सहा वर्षं होतं, आणि तू माझी आई माझ्यापाशी राहू दिलीस. माझं चुकलं, ताई. चुकलं हा शब्द फार लहान आहे, पण तोच आहे. मी तुझी माफी मागतोय आणि ती तू लगेच द्यावीस असा माझा हट्ट नाही.

पुस्तकाचं एक वाक्य सोडून सगळं रेकॉर्डिंग मी काल पुरं केलं. ते एकच अडलंय, म्हणून हे पत्र. गोष्टीच्या शेवटी भाऊ मोठा होतो, होडीत बसून निघून जातो, घर रिकामं होतं, पण दाराआड ती अकराचीच राहिलेली असते. मग आतली मुलगी पहिल्यांदाच आपल्या स्वतःच्या आवाजात विचारते, "आता मी बाहेर येऊ का?" हे वाक्य मी काल तीस वेळा म्हटलं. एकदाही जमलं नाही, कारण माझ्याकडे तो आवाज नाही. तूही तेव्हा अकराचीच होतीस; तेव्हा तू कशी बोलायचीस, कशी हसायचीस, मला काही म्हणजे काही आठवत नाही. मला तेवढी आईच ऐकू येते. गुरुवारी ते वाक्य द्यायचंय, ते मी कसंतरी निभावून नेईन, रेकॉर्डिंगचं निमित्त म्हण हवं तर. पण तू मला फोन कर. मी उचलेन आणि गप्प राहीन, सोंगाला जागाच नको. जेवलास का विचारू नकोस, गुडघ्याला काय लावतोस विचारू नकोस. ती गेली तेव्हा तुझीही आई गेली होती, ताई. तुला रडायला एक बंद खोली मिळाली, आणि तिथे बसून तू मला दूध पाजलंस. त्या वर्षात तुला जे बोलायचं होतं ते बोल. पन्नास वर्षांत ते तुला कुणी विचारलं नाही, मीसुद्धा नाही. मी आज विचारतोय.

तुझाच,
बोबड्या